एका फ्लेक्सवर दोघं

लासुर्ते हे त्याचं आडनाव.
आमच्या पूर्णेत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही.
लासूर स्टेशनचा असावा तसा
तो लासूरकर झाला,
आणि मनमाडकडून येणाऱ्या पॅसेंजरमधून
कधीतरी पिशवी घेऊन उतरेल
हे आम्ही अर्धवट खरं मानायचो.

एकोणीस वर्षं, एकच क्लब.
स्पेनमधलं कुठलंसं मासळीचं बंदर,
हिरवा शर्ट, नंबर चार.
गोल सगळे मिळून अकरा.
शिवाय एक स्वतःच्याच जाळ्यात,
तोही आम्हाला मिनिटासकट पाठ.

कॅमेरा गोल मारणाऱ्याच्या मागे पळायचा
तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात
तो मोजे वर ओढत असायचा.
आम्ही कोपरा बघायचो.
रात्री दीडला लाईट गेली तर
शकील मेकॅनिक कुणाच्यातरी जीपची बॅटरी काढून आणायचा
आणि सकाळी त्या जीपवाल्याच्या शिव्या
सगळ्यांनी वाटून घ्यायच्या.

मी गोलकीपर.
मला माणसं पाठीवरून ओळखू येतात.
पुढची पाठ जागची हलली नाही
की समजायचं, आज हातमोजे कोरडे.
लासूरकरची पाठ तशी होती.
त्याच्याही आधी पाहिलेली
भीमसेन खिल्लारेमामांची.

मामा पॉइंट्समन. मीटरगेजच्या काळातले रेल्वेचे स्टॉपर.
अनवाणी खेळायचे असं लोक सांगतात.
मामा म्हणतात, "अनवानी न्हाई रे,
एका पायात बूट होता की.
दुसरा अकोल्याच्या गोविंदला दिलता,
त्यानं आनून दिला न्हाई अजून."

मे संपता संपता बातमी आली, लासूरकर थांबला.
त्याच एकतीस तारखेला मामांची सेवापूर्ती.
वर्गणी जमली अकराशे चाळीस.
दोन फ्लेक्स बसत नव्हते त्यात.

म्हणून एकावरच दोघं.
डावीकडे मामा, गळ्यात शिट्टी आणि हार,
उजवीकडे लासूरकर, हात कमरेवर.
'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा',
खाली आमचे चौदा चेहरे, पासपोर्ट साइज.

भाजीवाली मालनबाई फाटकापाशी थांबली,
"ह्यो गोरा कोन? जावई हाय का त्यायचा?"
नांदेडहून आलेल्या साहेबांनी विचारलं,
"हे कोणत्या डिव्हिजनला होते?"
बबलू म्हणाला, "डावीकडच्या, साहेब."
साहेबांनी मान हलवली
आणि भाषणात दोघांच्याही
निष्कलंक सेवेचा उल्लेख केला.

शाल झाली, नारळ झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं.
मामांचं लक्ष नव्हतं.
ते मान वळवून फ्लेक्स बघत होते.
"डावा गुडघा गेलाय त्याचा," हळूच मला म्हणाले.
"बग की, सगळा भार उजव्यावर टाकून उभा हाय.
दोन-तीन वर्सं झाली असतील.
कुनाला कळू दिलं न्हाई लेकानं."

इतक्या रात्री जागून आम्ही त्याचे मोजे पाहिले होते.
मग मामा स्टेजवरून उतरले,
माझ्या खांद्यावर हात,
प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी.

इन्स्टिट्यूटच्या मैदानावरची जाळी
कधीच शेळ्यांनी आणि उन्हानं संपवली.
तिच्या जागी आता तो फ्लेक्स बांधलाय, तारेनं.
एका कोपऱ्यात मारलं की चेंडू मामांच्या हारावर,
दुसऱ्यात मारलं की लासूरकरच्या छातीवर.
धप्प.
गोल झालेला असतो,
आवाज मात्र अडवल्यासारखा येतो
आणि पोरं भांडत बसतात.
आमच्या चौदा चेहऱ्यांतले नऊ
चिखलानं पुसले गेलेत. मी आहे अजून, अर्धा.

मामा संध्याकाळी चिंचेखाली खुर्ची टाकून बसतात.
मला काही बोलत नाहीत.
माझ्यापुढं उभ्या राहणाऱ्या त्या नव्या पोरावर ओरडतात,
"पायाकडं काय बगूलालास त्याच्या?
पाय खोटं बोलतेत.
कमरेकडं बग!"